भुंडा गळा

आईचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी गावात बातमी पसरली ती माझे बाबा वारल्याची.

यात गावाचा फारसा दोष नव्हता. नदीच्या पलीकडच्या काठावर बाया धुणं धूत होत्या. त्यांना अलीकडे काय दिसलं? चार-पाच जणींनी एका बाईला मधोमध बसवलंय, ओल्या पदरानं तिचं कुंकू पुसलंय, हातातल्या बांगड्या उतरवल्यात, पायातली जोडवी काढलीत, आणि शेवटी मानेमागे हात घालून गळ्यातली काळी पोत काढून घेतलीय. बाईच्या जन्मात हे एकदाच होतं, आणि ते कधी होतं हे आमच्या मुलखात लहान पोरीलाही ठाऊक होतं. त्या बायांनी धुणं तिथंच टाकलं आणि रडत गाव गाठलं. बाबा त्या वेळी डोहात छातीभर पाण्यात उभे होते आणि पाळकसाहेबांच्या मागून एकेक वचन म्हणत होते.

ही एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातच मोडत होतो. आमचं गाव मंगरूळपीरपासून एसटीनं थोडंसंच लांब. बाबा बांधकाम खात्यात मैलकुली होते, म्हणजे ठरलेल्या टप्प्यातल्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे आणि कडेचं गवत काढायचं, ही त्यांची नोकरी. आमची सगळी भावकी छप्पन साली बौद्ध झाली. आमचे आजोबा तेवढे अडून बसले, कारण ज्या माणसानं त्यांना बोलावणं दिलं त्याच्याशी त्यांचं बांधावरून भांडण होतं. आमच्या घरात देव राहिले ते भक्तीमुळे नाही, हट्टामुळे. मग बाबांना रस्त्यावर काम करताना सायकलवरून येणारे-जाणारे पाळकसाहेब भेटले, त्यांच्याशी झाडाखाली बसून बोलणं व्हायला लागलं, आणि वर्षभरात बाबांनी ते देवही उतरवले.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार नाही. कुणी आजारी पडलं तर सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. आमच्या घरात आमच्या ताटात जेवायचे, आणि तेव्हा आमच्या घरात बाहेरचं माणूस जेवणं ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांचा एक ठाम समज होता, की विश्वास ठेवला हे माणसाच्या अंगावर दिसलं पाहिजे. पुरुषांनी बिडी, दारू आणि तमाशा सोडायचा. बायांनी कुंकू, बांगड्या, जोडवी आणि पोत. पोत म्हणजे अंधाराचं जू, असं ते म्हणायचे. पुरुषांचं सोडणं खिशातलं होतं. गेलं तरी कुणाला दिसायचं नाही, उलट घरात दोन पैसे राहायचे. बायांचं सोडणं मात्र गळ्यातलं होतं, आणि ते आख्ख्या गावाला दिसायचं.

आईची पोत पाळकसाहेबांनी डोहात फेकली. मूर्ती पाण्यात शिरवतात तशीच. ज्या माणसाला मूर्तींचं एवढं वावडं, त्याच्या हे ध्यानात आलं नाही, आणि इतर कुणाच्याही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इंझोरीहून मावशी आली. तिला आदल्या संध्याकाळी गाडीतून उतरलेल्या कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या बहिणीचा धनी गेला. ती फाट्यापासूनच हेल काढून रडत आली. दारात येऊन तिनं अंग टाकलं, आणि आतून बाबा हातात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आले. आजही तो क्षण आठवला की हसू येतं. पण मावशी हसली नाही. ती उठली, तिनं बाबांना वर-खाली पाहिलं, मग आईच्या गळ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज चढला.

"हे जिते हायेत, तं तुहा गळा काहून भुंडा?"

आईनं जमेल तसं समजावलं. मावशी बौद्ध होती, देव सोडणं म्हणजे काय हे तिला आमच्याआधी ठाऊक होतं. ती म्हणाली, "आमी बी देव सोडले, अव. उपास सोडले, जत्रा सोडली. पन आमच्या गळ्याले कोनी हात नाई लावला." आणि पाणीसुद्धा न पिता ती परतीच्या गाडीनं निघून गेली.

बाबा म्हणाले, लोकाईले बोलू दे, दोन महिन्यांनी सगळे विसरतील. बाबांचं काय जात होतं? त्यांच्या मुकादमानं कधी त्यांना विचारलं नाही, की तू बिडी ओढत नाहीस तर आज कामावर कशाला आलास.

आईला मात्र हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. ती कापूस वेचायला जायची. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही करायची आमच्याकडे रीत आहे. फुटलेल्या बोंडांवर दहीभात शिंपडतात, बाया मिळून गाणी म्हणतात, मग वेचणीला हात लागतो. आई आता दहीभाताला हात लावणार नव्हतीच, तिचा तोच विश्वास होता. ती बांधावर बसून राहायला तयार होती. पण शेताच्या मालकिणीनं निरोप धाडला, की पहिल्या दिवशी तू येऊच नको, दुसऱ्या दिवसापासून ये. पहिल्या दिवशी भुंड्या गळ्याची बाई शेतात दिसली तर कापूस घरी येत नाही म्हणे. आई त्या दिवशी घरी बसली आणि तिनं आमच्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या.

सकाळी आई पाण्याला निघाली की समोरून येणाऱ्या बाया तोंड फिरवायच्या. नव्या नवरीला तिच्या पाया पडू देत नसत. बारशात पाळण्याच्या दोरीला तिचा हात लागू नये म्हणून कुणीतरी हटकून मध्ये उभं राहायचं. आणि हे सगळं नवरा जिवंत असताना, रोज संध्याकाळी डांबराचा वास घेऊन घरी येत असताना. गावानं आईला जिवंत नवऱ्याची विधवा करून टाकलं, आणि प्रार्थनाघरातल्या मंडळीनं तिला विश्वासाचा नमुना ठरवलं. बाहेरगावचे पाहुणे आले की पाळकसाहेब तिला उभं करायचे आणि म्हणायचे, या भगिनीनं ख्रिस्तासाठी काय सोडलं ते पाहा. पाहुणे पाहायचे. आई पदर गळ्याशी ओढून घेत खाली बसायची.

सगळ्यात जास्त लागलं ते शेजारच्या काकूचं. आमच्या दोन घरांमध्ये तुराट्यांचा एकच कूड होता. काकूचं घर बौद्ध. तिची थोरली पोर माझ्या आईच्याच अंगाखांद्यावर वाढली होती, कारण काकूला बाळंतपणानंतर उठताच येत नव्हतं आणि महिनाभर त्या पोरीला न्हाऊमाखू घालणारी आईच होती. त्या पोरीचं लग्न ठरलं. लग्न लागायचं ते बुद्धवंदना घेऊन, नव्या रीतीनं. पण हळद मात्र जुन्याच रीतीनं, आणि हळदीला लागायच्या त्या सवाशिणी. धर्म बदलताना माणसं काय काय मागे ठेवतात आणि काय काय सोबत घेऊन येतात, याचा हिशेब मला कधी लागला नाही. त्यांचाही नाही आणि आमचाही नाही.

हळदीच्या दिवशी आई धुवट लुगडं नेसून निघाली. काकू कुडापाशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. ती म्हणाली, "तू आज नको येऊ. पोरीच्या सासरच्या बाया आल्या हायेत. मी काय सांगू त्याईले?"

आई मागे फिरली. आत आली, लुगडं बदललं, चुलीपुढं बसली. कुडापलीकडे बाया गाणी म्हणत होत्या. त्यातली निम्मी गाणी आईनंच वस्तीतल्या पोरींना शिकवलेली होती. मला इतका संताप आला होता की मी काकूच्या अंगणात जाऊन हळदीचं ताट उधळून द्यायला निघाले. आईनं माझा दंड धरला आणि पोळीसाठी कणीक मळायला बसवलं. आठवड्यानं काकूला ताप भरला. तिच्या घरी भाकर आईच थापून देत होती आणि काकू ती खात होती. मी विचारलं, तुला काहीच कसं वाटत नाही? आई म्हणाली, वाटते वं, पन तिनं उपाशी राहावं काय? तिला विश्वासाबद्दल एवढंच कळत होतं, आणि मला वाटतं एवढं पुरेसं होतं.

पण त्याच आठवड्यात ती पाळकसाहेबांकडे गेली. मी सोबत होते. तिनं आदल्या दिवशी बाजारातून काळा दोरा आणला होता. नुसता दोरा, त्यात सोन्याचा मणी नाही की डोरलं नाही. तो तिनं त्यांच्यापुढं ठेवला आणि विचारलं, एवढा घातला तर चालेल काय. ती म्हणाली, "देवासाठी नाई घालत, साहेब. बायाईसाठी घालतो. मले त्याईच्यात बसू देत नाईत."

पाळकसाहेबांनी तो दोरा हातात घेतला नाही. त्यांनी पुष्कळ वेळ शास्त्रातलं समजावलं. स्त्रीचा शृंगार अंतःकरणाचा असावा, बाहेरचा नसावा. जगाची निंदा सोसणं हाच विश्वासणाऱ्याचा मुकुट. आणि शेवटी स्पष्ट सांगितलं, की दोरा घातलास तर मी तुला कसा अडवणार, पण मग प्रभुभोजनाला पुढं येऊ नकोस. त्यांच्या बाजूला पाळकीणबाई उभ्या होत्या. त्यांचा गळा मोकळाच होता, पण त्या मिशनच्या आवारात राहत होत्या. त्यांना कापूस वेचायला जायचं नव्हतं, पाण्याला जायचं नव्हतं, आणि त्यांच्या समोरून येणारी बाई तोंड न फिरवता नमस्कार करत होती.

महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजनात आईला भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला मिळायचा. तेवढ्यासाठी ती आदला दिवसभर कुणाशी भांडायची नाही, खोटं बोलायची नाही, कुणाचं काही मनात ठेवायची नाही. इतर दिवशीही ती असंच वागायची म्हणा, पण त्या दिवशी जास्त जपून. घरी येताना वाटेत ती म्हणाली, "मले त्याच्या मेजावरून उठायचं नाई." दोरा तिनं बाभळीच्या काट्याला अडकवून दिला आणि आम्ही पुढं निघालो. म्हणजे एकीकडे बायांची पंगत होती आणि दुसरीकडे प्रभूचं मेज, आणि दोन्हीकडे बसायची सोय तिच्या माणसांनी ठेवली नव्हती. प्रभूनं स्वतः तिला याबद्दल विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मी अजून स्वतःला विचारते.

पुढं काही वर्षांनी कारंज्याच्या रस्त्यावर खड्डे बुजवत असताना बाबांना ट्रकनं उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते. आता खरोखरच वस्तीतल्या बाया आल्या, मावशी आली, काकू आली. रीतीप्रमाणे त्यांचे हात आईच्या गळ्याकडे गेले आणि तिथं काढायला काही नव्हतं. कपाळ पुसायला गेल्या तर ते कोरडं. त्या गोंधळल्या. मग एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिनं तं पह्यलेच उतरवून ठेवलं व्हतं. धनी कसा राहीन मंग?" आणि कुणीही तिला गप्प केलं नाही. आईनं ते ऐकलं. ती बाबांच्या पायाशी बसली होती, तिनं नुसती मान वर करून त्या म्हातारीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब चांगलं बोलले. प्रभूच्या घरात विधवा आणि सवाशीण असा भेद नाही, ते म्हणाले, आमची ही भगिनी कालही आमची होती, आजही तेवढीच आहे. मला त्या दिवशी ते शब्द औषधासारखे वाटले. बरं झालं, म्हटलं, गावानं काही केलं तरी आईला बसायला एक जागा आहे.

त्यानंतरच्याच वर्षी पाळकसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं. मुलगा अमरावतीचा, मोठ्या पगाराचा, घरचे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यांच्याकडे मंगळसूत्र घालायची पद्धत होती आणि त्याशिवाय लग्न लावायला ते तयार नव्हते. भर मंडळीत पाळकसाहेबांच्या मुलीच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र बांधलं गेलं. दोन वाट्यांच्या जागी सोन्याचा लहानसा क्रूस, बाकी सगळं तेच. आणि पाळकसाहेबांनी उभं राहून समजावलं, की हा कराराचा दोरा आहे, मन शुद्ध असेल तर दोऱ्यात काही पाप नाही. जू म्हणून जे डोहात फेकलं होतं ते करार होऊन परत आलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. पुढच्या दोन महिन्यांत मंडळीतल्या सगळ्या बायांनी मंगरूळपीरच्या सोनाराकडून पोती करून घेतल्या. त्यांच्यात आईच्याच बरोबर बाप्तिस्मा घेतलेल्याही होत्या. त्या आनंदानं एकमेकींना दाखवत होत्या, आणि त्यांचा आनंद मला समजत होता. आई सगळ्यांच्या पोती हातात घेऊन बघायची आणि छान आहे म्हणायची.

मी तिला म्हटलं, तू जाऊन पाळकसाहेबांना विचार. ती म्हणाली, काय विचारू? तुह्या बापाले परत आनतेत काय ते?

मग माझं लग्न ठरलं. मुलगा मेडशीकडचा, मंडळीतलाच, शिकून शिक्षक झालेला. लग्न आमच्याच प्रार्थनाघरात लागायचं होतं. पाळकसाहेबांच्या मुलीच्या लग्नापासून एक नवी रीत सुरू झाली होती. मंगळसूत्र ताटात ठेवून आधी बायांच्या बाजूला फिरवायचं, प्रत्येकीनं त्याला हात लावून मनात आशीर्वाद द्यायचा, मग ते पाळकसाहेबांकडे यायचं. ही रीत पाळकीणबाईंनी आणली होती आणि ताट त्याच फिरवायच्या.

मी पुढं बाकावर बसले होते. आई पहिल्या सतरंजीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिनं त्या दिवशी माझ्या लग्नासाठी घेतलेलं पांढऱ्या काठाचं निळं लुगडं नेसलं होतं. ताट माझ्या होणाऱ्या सासूपासून निघालं, मामीपुढून आलं, एकीनं क्रूसाला हात लावला, दुसरीनं लावला. आईनं हात पुढं केला. आणि पाळकीणबाईंनी ताट अलगद वर उचललं, आईच्या डोक्यावरून नेलं, आणि पलीकडे बसलेल्या बाईपुढं धरलं.

त्यांनी ते कठोरपणे केलं नाही. उलट फार हळुवारपणे केलं, जशी एखादी समजूतदार बाई करते. आईचा हात तसाच पुढं राहिला.

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "आईचा हात लागल्याबिगर मी हे गळ्यात घालणार नाही." माझा होणारा नवरा माझ्याकडे पाहत राहिला. सासू पुटपुटली की शुभकार्याला असं कशाला. पाळकसाहेबांनी पुस्तकातून डोकं वर काढलं, त्यांना काय झालं ते कळलं, आणि त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. पण बाबांच्या कबरीच्या खड्ड्याशी उभं राहून जे बोलले होते, त्यातला एक शब्दही त्यांना त्या वेळी सापडला नाही.

मग आईच बोलली. आवाज न चढवता, बसल्या जागेवरून, पाळकसाहेबांकडे पाहत.

"साहेब, देवानं मले मांगच्या सालाच्या आधी रांडव केलं. तुमी तं त्याच्याबी पह्यलेच करून ठेवलं व्हतं. मंग आता कायले भेता?"

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ते दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी पाळकीणबाईंना खूण केली. पाळकीणबाई परत फिरल्या. वाकल्या. ताट त्यांनी आईच्या पुढ्यात अगदी तिच्या गुडघ्यांना लागेल असं धरलं आणि म्हणाल्या, घ्या ना, ताई, लावा ना हात.

आईनं ताटातल्या काळ्या मण्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली, बस खाली, लगन लागू दे. आणि तिनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.